गार इस्त्री

“मेली ही.” बायकोने इस्त्री उचलून कानाशी धरली. “अहो, ऐकलंत का? मेली ही.”

वायरमन दारातच उभा राहिला. खिडकीजवळच्या टेबलावर त्याचा आकाशी शर्ट पसरलेला होता, शेजारी पाण्याची वाटी. तिने पुन्हा तीन बोटं वाटीत बुडवली, इस्त्रीच्या तळव्यावर शिंतोडे उडवले आणि मान वाकडी करून ऐकत राहिली. थेंब ओघळले, टेबलावर टपकले. चर्र झालं नाही.

चाळीस वर्षं तो चर्र आवाजच या घराचा कोंबडा होता. सकाळी आधी चर्र, मग चहा. ती घरी बसून लोकांचे पडदे, झगे, शर्ट शिवायची आणि इस्त्री फिरल्याशिवाय एक कपडा उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. थेंब चर्र करून विरला तर सुती कपडा घ्यायचा. थेंब तळव्यावर नाचत पळाला तर इस्त्री माजली, जरा दम धरायचा. आताशा तिला वार कळत नव्हता. घड्याळ कळत नव्हतं. लेकीचं नाव जिभेच्या टोकापर्यंत येऊन परत फिरायचं. थेंबाचं बोलणं मात्र कळत होतं.

“मेली नाही गं,” तो म्हणाला. “लेकीने नवीन प्लग आणलाय ना. तो सांगेल तेव्हा तापणार.”

“प्लग सांगणार? मला?” ती हसली. “सासूने सांगितलेलं ऐकलं नाही मी कधी.”

प्लगवरचा निळा ठिपका मुंगीच्या डोळ्याएवढा होता. तो मिटत नव्हता.

तसे पाच प्लग होते. दिव्याला एक, किटलीला एक, रेडिओला, हीटरला आणि इस्त्रीला. महिन्यापूर्वी इस्त्री पालथी राहिली होती. टेबलावरची चादर जळाली, खालच्या लाकडावर होडीच्या आकाराचा काळा डाग उमटला. लेक पाच तासांचा प्रवास करून आली. तिने डागावरून हात फिरवला आणि पिशवीतून खोकी काढली.

“केवढ्याला पडले?” वायरमनने विचारलं.

“ते सोडा बाबा.”

“नाही, सांग तर. एवढ्यात मी अख्ख्या घराचं वायरिंग करून द्यायचो. बटण दाबायला देवाने बोट दिलंय, ते काय नाक खुपसायला?”

“आईच्या बोटाचाच प्रश्न आहे ना.” लेकीचा आवाज चिरका झाला. “दाबते आणि विसरते. बाबा, मी तिथे ऑफिसात बसते आणि मला जळका वास येतो. खरंच येतो. एक तर हे प्लग, नाही तर आईला म्हाताऱ्यांच्या त्या संस्थेत ठेवू. मधलं काही असेल तर तुम्ही सांगा.”

त्यानेच स्टूल घेतलं, टेस्टर घेतला आणि एकेक प्लग बसवला. लेकीने मोबाइलवर सगळं जोडलं, त्यालाही शिकवलं. इस्त्री मोबाइलवरूनच चालू होणार, झाली की लेकीला तिकडे कळणार, चार मिनिटांत आपोआप बंद होणार.

वायरमनची एक रीत होती. माळ्यावर असो, खांबावर असो, तारेला हात लावण्याआधी तो फ्यूज उपसून खिशात टाकायचा. कुणी चुकून बटण दाबलं तरी वीज येणार कुठून? ज्याचा जीव, त्याच्या खिशात फ्यूज, असं तो म्हणायचा. त्या दिवशी लेकीने मोबाइल पर्समध्ये टाकला तेव्हा त्याच्या मनात आलं, हिच्या आईचा फ्यूज आता हिच्या खिशात गेला. पण पोरगी खोटं बोलत नव्हती. जीव वाचवायलाच फ्यूज काढतात.

संध्याकाळी सहाला दिवा आपोआप लागला तशी बायको दचकून उठली.

“कोण आलंय घरात?”

“कुणी नाही. मीच लावला.”

“तुम्ही तर इथे बसलाय माझ्याशेजारी.”

दुसऱ्या दिवसापासून तो सहाच्या ठोक्याला उठून दिव्याच्या बटणाजवळ जाऊन उभा राहू लागला. नुसता.

इस्त्रीचं मात्र असं भागेना. त्याने मोबाइलवरून ती चालू करून पाहिली. थेंब चर्र झाला, तिचा चेहरा उजळला आणि लगेच मोबाइल वाजला.

“बाबा, इस्त्री का चालू झाली?”

“मी आहे इथे.”

“आहात ते आत्ता. सवय लागली तर?”

चार मिनिटं संपली. एका बाहीवर इस्त्री फिरली होती, दुसरी तशीच. गार लोखंड ती बराच वेळ घासत राहिली. मग तिने शर्ट गोळा करून मांडीवर घेतला, आणि खिडकीबाहेर बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिने वाटी मागितली नाही. तिसऱ्या दिवशी वेणी घालायला नको म्हणाली. चौथ्या दिवशी त्याने चहा दिला तर म्हणाली, “पाहुण्यांनी कशाला करायचा चहा?”

त्या सकाळी वायरमनने इस्त्रीची पिन उपसली आणि शेजारच्या साध्या सॉकेटमध्ये खोचली.

पुढचे आठ दिवस त्याच्या आयुष्यातले गोड दिवस होते असं म्हटलं तर लोक हसतील. रोज सकाळी तो खुर्ची ओढून टेबलाला लागून बसायचा, एक हात सॉकेटच्या बटणावर. थेंब चर्र करायचा. ती त्याच चार शर्टांना, त्याच दोन उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करायची आणि करता करता गुणगुणायची. कुणी शिकवलेलं नव्हतं ते. कापड आणि बाई यांच्यात आपोआप येतं तसलं.

तापली माझी इस्त्री, सुरकुती पळाली गं
माझ्या राजाच्या शर्टाला, घडी सरळ आली गं

“राजा कोण गं?” तो मुद्दाम विचारायचा.

“आहे एक. खांबावर चढतो माकडासारखा.”

“बरा आहे का दिसायला?”

“शर्ट घातला की बरा दिसतो.”

नवव्या दिवशी वरच्या मजल्यावरचे मास्तर खाली आले. त्यांची वीज गेली होती आणि घरात आजारी सासरे. “दोन मिनिटं या हो वायरमन. फ्यूजच उडाला असेल.” वायरमनने बटण बंद केलं आणि वर गेला. दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली. शिडीवर असताना त्याने खिसा चाचपला. मास्तरांचा फ्यूज खिशात होता. स्वतःच्या घराचा मात्र खाली, बोर्डातच राहिला होता. उभ्या आयुष्यात ही चूक त्याने कधी केली नव्हती.

तो खाली आला तेव्हा ती टेबलाशी उभी होती. सॉकेटचं बटण चालू, इस्त्री कडकडीत तापलेली, वाटी कोरडी. उजवा तळवा तिने छातीशी धरला होता. ती रडत नव्हती. तिला कोडं पडलं होतं.

“कळेना तापली की नाही,” ती म्हणाली. “म्हणून हात लावून बघितला.”

पाणी विसरली होती ती. वाटी समोर होती आणि वाटी कशाला असते तेच गेलं होतं. त्याने तिचा हात नळाखाली धरला. तळव्यावरची रेघ अन् रेघ पांढरी पडली होती, आणि पाण्याची धार त्यावरून मुकाट्याने वाहत होती. त्याला वाटलं, भाजलंय ते बरं होईल. पण ते वाटीचं गेलं, ते आता परत येणार नाही.

लेक दुसऱ्या दिवशी आली. आईच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघितलं, मग त्याच्याकडे. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मला वाटलं आईने इस्त्री सोडली,” ती म्हणाली. “प्लग रोज शून्य दाखवत होता. आणि फोनवर आई म्हणायची, आज चार शर्ट केले. म्हटलं, भास होतात तिला. बाबा, जन्मभर मीटर वाचलेत ना तुम्ही? आणि मला शून्य वाचायला लावलंत?”

“ती वाळत चालली होती गं.”

“माहितीय मला.”

“चर्र झालं की आपल्या जागेवर यायची.”

“माहितीय बाबा.” तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. “पण तुम्हीही आता सत्तरीत आहात. उद्या तुम्हीच शिडीवरून पडलात तर? हे प्लग कुणाला उचलायला येणार आहेत?”

संस्थेत पुढच्याच आठवड्यातली जागा मिळाली.

जायच्या दिवशी तो लवकर उठला. इस्त्री पुन्हा नव्या प्लगमध्ये होती, निळा ठिपका जागा होता. त्याने मोबाइलला हात लावला नाही. टेबलावर आकाशी शर्ट पसरला, वाटीत पाणी घेतलं आणि बायकोला खांद्याला धरून आणलं.

“शर्ट करून देतेस ना? बाहेर जायचंय.”

ती शर्टाकडे बघत राहिली. त्याने तिचा डावा हात धरून तीन बोटं वाटीत बुडवली, इस्त्रीच्या तळव्यासमोर आणली. बोटांना काहीतरी आठवलं असावं. त्यांनीच झटका दिला. शिंतोडे उडाले. तिने मान वाकडी केली.

“चर्र,” वायरमन तोंडाने म्हणाला.

जीभ दातांना लावून, हळू, थेंब विरतो तसं. म्हाताऱ्या माणसाचं तोंड ते. दोन दात नव्हते, हवा सुटली. तिने त्याच्याकडे पाहिलं. आता हसणार, आता पकडणार असं त्याला वाटलं. ते तरी व्हावं असंही वाटलं.

“तापली,” ती म्हणाली.

आणि डाव्या हाताने गार इस्त्री फिरवू लागली. कॉलर, मग खांदे, मग बाह्या. बटणांच्या मधून टोक घालून, अगदी नेटाने. सुरकुत्या इस्त्रीखाली दबायच्या आणि मागून पुन्हा उठायच्या. गाणं आलं नाही. शेवटी तिने शर्ट दोन्ही हातांनी उचलून झटकला आणि त्याच्यासमोर धरला.

“घाला. गरम आहे, जपून.”

त्याने जपून घातला.

लेक गाडी खाली लावून वर आली. जिन्यात त्याला बघून म्हणाली, “बाबा, शर्ट केवढा चुरगळलाय. दुसरा घाला ना, तिथे चार लोक बघणार.”

“इस्त्रीचा आहे,” तो म्हणाला.

लेकीने पुढे होऊन त्याची कॉलर तेवढी नीट केली.

संस्थेतल्या बाई चांगल्या होत्या. खोलीत खिडकी होती, पलंगाला कठडा होता, भिंतीवर हात पोहोचेल असं एकही सॉकेट नव्हतं. सगळं वर, छताजवळ. वायरमनने सवयीने बघून घेतलं. काम चोख होतं. बायको पलंगावर बसली आणि चादरीवरून तळवा फिरवू लागली, इकडून तिकडे, काठापर्यंत. तो निघाला तेव्हाही ती चादर सरळ करत होती. मान वर केली नाही.

लेक त्याला घरी सोडून परतीच्या वाटेला लागली. जिन्यात मास्तर भेटले. त्यांना काही माहीत नव्हतं, किंवा माहीत असून काय बोलावं ते कळत नव्हतं.

“वायरमन, एक विचारायचं होतं. ते तुमच्याकडचे प्लग. सासऱ्यांसाठी घ्यावेत म्हणतोय आम्ही. किंमत बरीच आहे. तेवढ्या लायकीचे आहेत का हो?”

वायरमन कठड्याला धरून उभा राहिला. धंद्यातला प्रश्न होता, उत्तर खरं द्यायला हवं.

“माल चांगला आहे,” तो म्हणाला. “बंद म्हटलं की बंद. फसवत नाही.”

“म्हणजे घ्यावेत?”

“घ्या. पण बसवायच्या आधी एकदा बघा, सासरे दिवसभर कशाकशाला हात लावतात. नीट बघून ठेवा. प्लग लागले की मग ते दिसत नाही.”

मास्तर काहीसे गोंधळून वर गेले.

त्याने दार उघडलं. सहा वाजले होते, आत दिवा आपोआप लागला. सवयीने तो बटणापाशी जाऊन उभा राहिला, आणि मग कुणासाठी ते आठवलं.

टेबलावर वाटी तशीच होती, अर्धी भरलेली. त्याने शर्ट काढला. धुवायला टाकला नाही. आडव्यातिडव्या सुरकुत्यांवरून तळवा फिरवला, बाह्या मागे दुमडल्या, दोन्ही कडा जुळवल्या. जिथे घडी नव्हती तिथे घडी धरून तो कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांवर ठेवला.