शिवेबाहेरची शाळा

खैरबांद गावात देवाला विचारल्याशिवाय कोणी नवं शेण सारवत नसे, तिथे दिपोटीसाहेबांना विचारायचं कुणाच्या डोक्यात येणार? सोमवारी देवळात गावपळणीचा कौल झाला, दिवस ठरला, आणि बुधवारी मसुऱ्याहून टपालवाला शाळेचं पत्र घेऊन आला. शाळा तपासायला दिपोटी येणार होते, ते नेमके गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी. सदानंद मास्तरांनी पत्र तीनदा वाचलं. तारीख काही बदलली नाही.

गावपळण म्हणजे तीन दिवस गाव सोडायचा. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा शिवेपलीकडे न्यायची, झावळ्यांच्या खोपी घालून राहायचं, आणि मागे गावात चूल पेटू द्यायची नाही. का, असं कोणी विचारत नाही. वाडवडील करत आले म्हणून करायचं, आणि खरं सांगायचं तर पोराबाळांना त्यात जत्रेइतकी मजा येते. ते साल छप्पन. मार्गशीर्षाची थंडी होती, भात घरात आलं होतं, सगळे खुशीत होते. एक मथुरा सोडून.

मथुरेची सुगंधा चौथीत होती. शाळा चौथीपर्यंतच. पुढचं शिकायचं तर मसुऱ्याला दोन कोस चालत जायचं, वाटेत व्हाळ, म्हणजे ओढा, आणि त्यावर साकव नाही. मुलगे जात, नाहीतर मुंबईला पळत. मुलीला कोण पाठवणार? मास्तरांनी पाचवीचा वर्ग मागितला होता, आणि तो द्यायचा की नाही ते हीच तपासणी ठरवणार होती. त्या दिवशी शाळा बंद दिसली की संपलं. सुगंधा जूनपासून घरी.

मथुरेला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण अक्षर नसलं की काय होतं ते तिच्याइतकं कुणाला कळलं नसेल. नवरा मुंबईला गिरणीत होता. गावात शाळा यायच्या आधी एका आषाढात त्याचं कार्ड आलं. गावात वाचणारं कोणी नाही आणि टपालवाला घाईने परतताच व्हाळाला पाणी चढलं, म्हणून ते कार्ड तिने चार दिवस उशाशी ठेवलं. नवऱ्याने लिहिलंय म्हणून ती आपली खुशीत. पाणी उतरल्यावर मसुऱ्याच्या दुकानदाराने वाचून दाखवलं, तेव्हा कळलं की तो इस्पितळात आहे आणि तिला बोलावतोय. तोवर तो गेलाही होता. त्या चार दिवसांतल्या खुशीचा राग तिच्या मनातून कधी गेला नाही.

ती धोंडू गावकाराकडे गेली. देवळातला पहिला मान त्याचा, कौल त्यानेच लावलेला. तिने हात जोडून सांगितलं की गावपळण चार दिवस पुढे ढकला. धोंडू माणूस वाईट नव्हता, पण मान मोठा असला की कान जरा लहान होतात. देवाने दिलेला दिवस सरकारी कागदासाठी फिरत नाही, हे त्याने तिला समजावलं. वर सुगंधाबद्दल म्हणाला, "आणि चेडवाक पाचवी कित्याक गो? चुलीक अक्षरां लागनत नाय."

मथुरा उठली. तिथून तडक मास्तरांकडे गेली आणि म्हणाली, गाव जातो तर शाळेनेही जावं. मास्तर मालवणचे, कायद्याला भिऊन असणारे. शाळेची जागा बदलायला वरून परवानगी लागते, असं ते पुटपुटत राहिले. गावपळणीच्या सकाळी मथुरेने आपलं भांडंकुंडं शेजारच्या काशीबाईच्या गाडीत टाकलं आणि शाळेचा फळा स्वतःच्या डोक्यावर घेतला. डोकीवर फळा आणि मागे शेळी, असं ते ध्यान बघून बायका हसल्या. मास्तरांनी मग निमूटपणे हजेरीपट आणि घड्याळ उचललं.

दुसऱ्या दिवशी काजूच्या झाडाला फळा टेकवून शाळा भरली. दहाच्या सुमारास दिपोटी मसुऱ्याहून चालत आले, घामाघूम, पायताणात वाळू. मास्तरांनी अडखळत सगळी हकीकत सांगितली. साहेब गावात जाऊन शाळेची इमारत बघतो म्हणाले, तर तीन दिवस गावात कुणाचं पाऊल पडायचं नाही म्हणून धोंडू वाटेत उभा राहिला. नम्रपणे, पण उभा राहिला. साहेब काजूखाली बसले आणि त्यांनी डोकं धरलं.

"शाळा जागेवर नाही, एवढंच मला दिसतंय," ते म्हणाले. "आख्खा गाव उठून गेला हे वर कसं कळवू? गावाचा लेखी अर्ज असेल तर जोडतो."

मास्तरांनी दौत पुढे ओढली. साहेबांनी हात आडवा केला. मास्तर सरकारी नोकर, अर्ज गावाचा हवा. आता आली का पंचाईत! चाळीस घरांचा गाव समोर बसलेला आणि लिहिणारं मोठं माणूस त्यात एकही नाही. ज्यांना येत होतं ते मुंबईत. शेवटी मास्तर म्हणाले, चौथीतलं मूल लिहील. धोंडूने लगेच नातवाला, बाबूला, पुढे ढकललं. बाबूने टाक बुडवला, मायना घातला, आणि पुढे काय लिहायचं म्हणून आजोबांकडे बघत बसला. आजोबा काय सांगणार?

मग सुगंधा उठली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. तिने बाबूच्या हातातून टाक घेतला, पाटीवर कागद ठेवला आणि लिहायला बसली. आपली मुलगी शाळेत नेमकं काय करते हे मथुरेने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. टाक कुरकुरत होता, ओळीखाली ओळ येत होती, आणि मथुरेने पदर तोंडात धरला. लिहून होतंय असं दिसताच ती पुढे सरकली.

"सुगंधा, पाचवी होयी म्हणान लिव."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "बाई, या अर्जाचा तो विषय नाही."

मुलगी थांबली. तिने मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी जमिनीकडे.

"लिव," मथुरा म्हणाली.

सुगंधाने लिहिलं. अंगठे उठवायची वेळ आली तेव्हा धोंडू म्हणाला, न ऐकलेल्या कागदावर तो अंगठा देणार नाही, आधी वाच. मुलगी उभी राहून वाचू लागली.

"आमचे गावची रीत आहे की, देवाचा कौल झाला म्हणजे सर्वांनी तीन दिवस शिवेबाहेर राहावे." ती श्वास घ्यायला थांबली, तोच मागून कुणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा."

देवळात गाऱ्हाणं घालताना एकाने मागणं मागायचं आणि दर वाक्याला बाकीच्या पुरुषांनी असा होकार द्यायचा, ही इकडची सवय. जिभेला वळणच पडलेलं. "माणसे, गुरे, कोंबडी सर्व बाहेर आली आहेत." आता दहा-बारा आवाज आले, "व्हय म्हाराजा." साहेब चकित होऊन इकडेतिकडे बघू लागले. "तशी शाळाही बाहेर आली आहे. शाळा बंद नाही." सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"पाचवी नसेल तर मुलींना घरी बसावे लागेल. तरी पाचवी द्यावी."

कुणी बोललं नाही. साहेबांची आठी सगळ्यांनी पाहिली होती, आणि मुलींसाठी गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती. गाऱ्हाण्यात बायका तोंड उघडत नाहीत. मथुरेने उघडलं.

"व्हय म्हाराजा."

एकटीचाच आवाज तो, आणि जरा फाटलेला. धोंडू गावकाराने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. जन्मभर गाऱ्हाणं घालणारा हा माणूस. होकार द्यायची पाळी त्याच्यावर कधी आलीच नव्हती.  मग घसा खाकरून म्हणाला, "व्हय म्हाराजा." आणि अंगठ्याला शाई लावायला पुढे झाला.

साहेबांनी चाळीस अंगठ्यांचा तो कागद शाई वाळेपर्यंत हातात धरला. मग हजेरीपट उघडून विचारलं, शाळेत मुली किती?

"एकच," मास्तर शरमून म्हणाले.

"एका मुलीसाठी पाचवी मागता?"

"यंदा एक आसा, सायबानूं," मथुरा म्हणाली. "फुडल्या वर्सा येवन मोजा."

जूनमध्ये पाचवी आली. पुढल्या तपासणीला साहेब खरंच मोजायला लागले, तेव्हा शाळेत मुली अकरा निघाल्या. त्यांतल्या दोघी धोंडू गावकाराच्या नाती होत्या.