माझ्या पोटात सवतीचं काळीज

माझं पिवळं फडकं त्या सकाळी तिच्या अंगावर दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पोटात म्हणजे तरी कुठे म्हणा, पोट तेव्हा रिकामंच होतं. बॉनेटखाली नुसती पोकळी, चार लोंबत्या वायरी आणि तळाला वाळलेलं ऑइल. तरी गोळा आला हे खरं.

मी मोटार बोलतेय. जुनी, गोल दिव्यांची, फुगीर गालांची. माझ्या काचा बटणाने खाली होत नाहीत, हँडल फिरवावं लागतं, आणि डाव्या दाराचं हँडल तर उलटं फिरतं. स्वभावाने मी घाबरट आहे. कुणी दार आपटलं तर माझ्या सगळ्या काचा थरथरत राहतात. आणि ते पिवळं फडकं मऊसूत होतं, फक्त माझ्या दिव्यांसाठी वेगळं ठेवलेलं. त्या फडक्याने माझ्या मालकिणीची लेक दुसऱ्याच कुण्या गाडीचं तोंड पुसत होती!

पण आधी माझं मागचं सांगते.

जन्म कारखान्यात झाला. तो आठवत नाही. जन्म कुणाला आठवतो? पहिली आठवण डॉक्टरांची. डॉक्टर दार हलकेच लावायचे. त्यांची काळी बॅग माझ्या पुढच्या सीटवर मानाने बसायची. मी वळणावरून हॉर्न दिला की रोग्याच्या घरातून कुणीतरी धावत बाहेर यायचं, "आले, आले!" म्हणत. माझ्या हाकेला ओ मिळाली नाही असं त्या काळात एकदाही झालं नाही. तेवढ्याने मी शेफारले असेन.

डॉक्टर गेले. त्यांच्या मुलाने एकदा पाणी न बघताच मला लांबच्या चढावर पळवली. माझं इंजिन तापलं, आणि त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली. मग मी अंगणात पडून राहिले. टायर बसले, सीटवर मांजर व्यायली, आरशात कोळ्याने जाळं केलं. येणारेजाणारे मायेने बघायचे आणि मायेनेच माझ्यावर ओली छत्री वाळत घालायचे.

डॉक्टरीणबाईंचं शिवणयंत्र दुरुस्त करायला एक बाई यायच्या. शिवणयंत्रं दुरुस्त करणं हाच त्यांचा धंदा. हात काळे, नखं बारीक कापलेली, खिशात सदा तेलाची छोटी कुपी. एकदा त्यांनी जाता जाता माझं बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिल्या.

"घेऊन जा गं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीतर भंगारात जाईल बिचारी."

मला ढकलत ढकलत त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये आणलं. स्टिअरिंगवर त्यांची लेक होती. कॉलेज नुकतंच संपवलेली, शिडशिडीत, आणि माझ्याहून भित्री. पाल चुकचुकली तरी दचकायची. आई तिला टिटवी म्हणते. "काय झालं टिटवे?" "आई, काहीतरी तुटलं!" "काही तुटलं नाही, तुझ्याच चपलेखाली वाळलेलं पान आलं." असं दिवसभर चालायचं. मला ती पहिल्याच दिवशी आवडली. घाबरणाऱ्याला घाबरणारं माणूस बरं वाटतं.

पहिले काही महिने माझ्या सुखाचे होते. मायलेकींनी माझा गंज खरवडला, सीटचं कापड उसवून पुन्हा शिवलं, तेही असं की टाका दिसेल तर शपथ. टिटवीने ते पिवळं फडकं आणलं ते तेव्हाच. माझं चिरलेलं इंजिन साखळीने उचलून कोपऱ्यात टायरवर ठेवलं, वर पोतं घातलं. आई म्हणाली, "अंग धडधाकट आहे हिचं. काळीज तेवढं गेलंय. दुसरं बसवू."

दुसरं! जसं काही बटणच बदलायचं होतं.

आणि एका रविवारी ती आली. बेकरीची पाव पोचवणारी व्हॅन. मागून कुणीतरी ठोकलेली, पाठ पार चेपलेली, पण पुढून शाबूत. पांढऱ्या रंगाची, चपट्या नाकाची, ना रूप ना डौल. आल्या आल्या टिटवी म्हणाली, "आई गं, काय मस्त वास येतोय हिला! ताज्या पावाचा!"

मी इतकी वर्षं उभी आहे, माझ्या वासाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

आईने किल्ली फिरवली आणि ती पहिल्या झटक्यात सुरू झाली. निर्लज्ज मेली! पाठ मोडलेली, तरी गुणगुणत उभी. आईने लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावलं. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी विसरणार नाही. "ऐक, ऐक टिटवे. घड्याळ गं, घड्याळ!" डॉक्टर रोग्याची छाती तपासताना असेच कान देऊन ऐकायचे. पण छाती ठीक निघाली म्हणून ते असे कधी हसले नव्हते.

नंतर पिवळ्या फडक्याचं ते झालं. त्या संध्याकाळी रोज माझ्या सीटवर झोपणारं घरचं मांजरही उठलं, आळस दिला आणि जाऊन तिच्या सीटवर झोपलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे तर मांजर फिरलं.

मी तिला सवत म्हणायला लागले. मनातल्या मनात.

सवतीचं काळीज माझ्या पोटात बसवायचं म्हणजे साधं काम नव्हतं. ते माझ्या मूळ इंजिनाहून आखूड होतं, आणि टेकायला जागाच जुळेना. नवे आधार करून घ्यायला पैसे कुठले? मग आईने माळ्यावरची जुनी लोखंडी कॉट काढली आणि तिच्या जाड पट्ट्या कापायला घेतल्या. गल्लीच्या तोंडाशी राहणारे वेल्डरकाका यंत्र घेऊन आले आणि पोट धरून हसले.

"वहिनी, कॉटचं लोखंड लावताय इंजिनाला? अहो, झोपेल ते!"

"तुम्ही जोडा हो," आई म्हणाली. "झोपलं तर चादर घालू."

सवतीच्या वायरी कापण्याआधी आईने प्रत्येकीला रंगीत दोरा बांधला. तिच्याकडे दोऱ्यांची कमी नाही. लाल बॅटरीचा, पिवळा सेल्फचा, अबोली दिव्यांचा. हे मला फार देखणं वाटलं, आणि त्याचाही हेवा वाटला. माझ्या वायरींना कधी कुणी अबोली दोरा बांधला नव्हता.

मग सवतीचं रिकामं धूड न्यायला भंगारमामा आला. सगळे त्याला मामाच म्हणतात. तिला ओढून ट्रकवर चढवताना लोखंड असं करकरलं की टिटवीने कान झाकले. मला हायसं वाटलं. गेली एकदाची ब्याद! मग बॉनेटखाली बघितलं, तर ती कुठे गेली होती? तिचं काळीज माझ्या पोटात कॉटच्या पट्ट्यांवर आरामात बसलेलं. माझंच मात्र कोपऱ्यात पोत्याखाली, आणि त्याच्यावर टिटवीचा चहाचा कप.

आता खरी गंमत ऐका.

वायरी जोडण्याचा दिवस. इंजिनामागची भिंत आणि इंजिन यांच्यामध्ये एवढीशी फट, तिथे फक्त टिटवीचा हात जायचा. आई गाडीखाली उताणी पडलेली. खालून ओरडली, "मोरपंखी वायर कॉइलला जोड. ठिणगीची आहे ती, किल्लीची वीज तिच्यातूनच जाते, नीट आवळ!"

"आणि उरलेली?"

"उरलेली हॉर्नची. हॉर्न यायचाय अजून. तिला टेप गुंडाळ आणि खोचून ठेव."

माझा हॉर्न गंजून गेला होता, तो दुरुस्तीला गेला होता. म्हणजे माझं बटण होतं, आवाज नव्हता.

फटीत दोन वायरी होत्या. एकीचा दोरा हिरव्यावर झुकलेला, दुसरीचा निळ्यावर. आता मोराच्या पिसाला रंग किती! आईच्या दोऱ्यांच्या डब्यात मोरपंखी म्हणजे हिरवा, पिसाच्या कडेचा. आणि टिटवीच्या डोळ्यांसमोर उभी राहिली ती मोराची निळीशार मान.

"मोरपंखीच ना?" टिटवीने विचारलं.

"मोरपंखीच!"

तिने निळी जोडली. हॉर्नची. खरी ठिणगीची हिरवी वायर टेपमध्ये गुंडाळून कोपऱ्यात खोचली.

हे मला कळलं. माझ्याच अंगातल्या वायरी, मला नाही कळणार? पण सांगू कशी? आणि खोटं कशाला बोलू, सांगता आलं असतं तरी मी त्या दिवशी गप्प बसले असते. घड्याळ का घड्याळ! बघू आता कशी टिकटिक करते.

किल्ली फिरली. खर्र, खर्र, खर्र. सवत ढिम्म.

पुन्हा. खर्र, खर्र. ढिम्म.

वेल्डरकाका दारातूनच म्हणाले, "म्हटलं नव्हतं? झोपलं!"

त्या दिवशी सगळे हसले. पुढच्या रविवारी कमी हसले. आईने प्लग काढून बघितले, ठिणगी नव्हती. टिटवीने फटीत हात घालून कॉइल बदलली, तरी नाही. पेट्रोलची नळी फुंकली, पॉइंट घासले. दर वेळी तिचा प्रश्न ठरलेला, "मोरपंखी कॉइललाच लावलीस ना गं?" आणि टिटवीचं उत्तर ठरलेलं, "लावली गं आई. दोनदा बघितली." दोघीही खऱ्या होत्या. एका शब्दात दोन रंग राहत होते आणि मधल्यामध्ये मी मुकी उभी होते.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा. सवतीची मिजास उतरली. मांजर परत माझ्या सीटवर आलं. पण टिटवीने माझे दिवे पुसणं सोडलं. ती यायची, बॉनेटपाशी उभी राहायची आणि नखं कुरतडत परत जायची.

मग आईच्या भाड्याच्या दुकानाचा मालक म्हणाला, जागा खाली करा. शिवणयंत्रं ठेवायला घरामागची शेड हवी, म्हणजे मला बाहेर निघायला हवं. चालती गाडी गल्लीत उभी करता येते. बंद गाडी नगरपालिका उचलून नेते. ते मी खिडकीतून पाहिलंय.

"या रविवारी बोलली तर बोलली," आई म्हणाली. "नाहीतर मामाला हो म्हणते."

"आई, नको ना. ती चालली की पहिली फेरी मी मारणार होते. तू म्हणाली होतीस."

"मला काय हौस आहे का टिटवे? यंत्रं रस्त्यावर ठेवू? त्यांच्यावर आपलं पोट आहे." एवढं बोलून आई वळली आणि उगीचच तेलाची कुपी पुसत बसली.

तो रविवार म्हणजे आजचा. हे तुम्हाला सांगतेय तेव्हा भंगारमामाचा दोर माझ्या पुढच्या बंपरला बांधलेला आहे. ट्रक शेडच्या तोंडाशी घुरघुरतोय. प्रत्येक घुरघुरीला माझ्या काचा थरथरतात. सवतीला नेताना लोखंड कसं करकरलं होतं ते मला आठवतंय, आणि पहिल्यांदाच वाटतंय, तिलाही भीती वाटली असेल का?

"ताई, उतर आता," मामा म्हणतो. "पुढं तीन घरं करायचीत मला."

"एकदाच. शेवटचं," टिटवी सीटवरूनच म्हणते.

"अहो मामा, फिरवू द्या एकदा तिला किल्ली," आई म्हणते. "एवढ्याने तुमचा ट्रक काही म्हातारा होत नाही."

टिटवी सीटवर सावरून बसते. किल्ली फिरवते. खर्र... खर्र... बॅटरीही दमलीय. माझा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो.

लोकहो, मत्सर फार वाईट. मी तुम्हाला सांगायची गरज नाही, तुमच्यातही सवती असतात. पण ज्याचा हेवा करतो त्याच्याच जिवावर आपण उभे असतो, हे कळायला गळ्यात दोर पडावा लागू नये. आणि आणखी एक, कुणाला मोरपंखी म्हणालात तर आधी विचारा, हिरवा की निळा.

टिटवी रडतेय. आवाज न करता, म्हणजे आईला कळू नये म्हणून. तिचं कपाळ हळूहळू पुढे येतं आणि स्टिअरिंगच्या मधोमध टेकतं. बरोब्बर माझ्या हॉर्नच्या बटणावर.

हॉर्न वाजत नाही. हॉर्न नाहीच. पण त्या बटणाची वीज निळ्या वायरीतून निघते. आणि निळी वायर कुठे जोडलीय ते तुम्हाला आणि मलाच माहीत आहे.

किल्ली अजून तिच्या बोटांत आहे. फिरव गं! टिटवे, कपाळ उचलू नकोस, फिरव!

ती फिरवते, नुसती सवयीने.

खर्र.

मग मी हाक मारते. डॉक्टरांच्या वेळी मारायचे तशी, सगळा जीव लावून. रोग्याच्या घराला नाही, आईला नाही. माझ्या पोटातल्या तिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बाई गं, पावाच्या वासाची बाई, माझंच चुकलं समज. पण आता ओ दे. माझ्यासाठी नको, या पोरीसाठी दे.

खर्र... खर्र...

आणि फट्! पोटात कुठेतरी ठिणगी पडते. टिटवी दचकते. "आई! काहीतरी—"

"डोकं उचलू नकोस!" बटणावर टेकलेलं कपाळ बघून आई किंचाळते. "टिटवे, हलू नकोस, तशीच राहा!"

कॉटच्या पट्ट्या थरथरतात. दिव्यांच्या काचा, उलटं हँडल, कोपऱ्यातला चहाचा कप, सगळं थरथरतं. या वेळी भीतीने नाही.

सवतीने ओ दिली.