पंपावरचा हात

माझा धाकटा दवाखान्यात पडलाय, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, आणि ज्याने सगळ्यांच्या आधी धावत यायला हवं होतं तो अजून फिरकलेला नाही. माणसाला काही चाड? दाराशी पाऊल वाजलं की धाकट्याची मान वळते. कधी नर्स असते, कधी झाडूवाली, कधी माझी थोरली डबा घेऊन आलेली. मग मान परत उशीवर. तो मला विचारत नाही आणि मी आपणहून बोलत नाही.

तो म्हणजे पंपावरचा. धाकटा आगीच्या बंबावर आहे, पाइप घेऊन आत शिरणारा. हा त्याच गाडीवर, बाहेर उभं राहून पाणी सोडणारा. उंच, वाळका, तोंडाला कुलूप. गाडीवरची पोरं त्याला खांब म्हणतात. दोघं एकाच घरात राहतात. शेजारणींना मी सांगत आले की घरं महाग झालीत, दोघांत मिळून घेतलंय. त्या ‘हो का’ म्हणायच्या आणि मी मशीन जोरात चालवायचे.

मला काय कळत नव्हतं? शाळा मी फार पाहिली नाही, पण उभा जन्म लोकांचे कपडे शिवण्यात गेला. कोण कोणाचा सदरा घालतो ते मला कॉलर बघून कळतं. दोघांचे कपडे दुरुस्तीला माझ्याच दुकानात यायचे. धाकट्याचे मी दोरा जुळवून, टाका दिसणार नाही असे शिवायचे. खांबाचे तसेच फाटके घडी घालून परत द्यायचे, वेळ झाला नाही म्हणायचे. तो ‘बरं काकू’ म्हणायचा आणि न्यायचा. पुढच्या खेपेला पुन्हा आणायचा. निर्लज्ज, असं मी मनात म्हणायचे.

गाद्यांच्या ज्या कारखान्याला आग लागली तो आमच्या मागच्याच गल्लीत. भर दुपारी काळा धूर दुकानात शिरला. बंब आला, तो धाकट्याचाच. कात्री हातात तशीच धरून मी धावले. कामगार सगळे बाहेर आले होते, एक वरच्या मजल्यावर राहिला होता. धाकटा पाइप घेऊन वर गेला, त्या माणसाला त्याने खिडकीतून शिडीवरच्यांच्या हाती दिला, आणि मागे जिना कोसळला. गादीतला फोम पेटला की कसा पेटतो ते ज्याने पाहिलं त्यालाच ठाऊक. खिडकी धुराने भरली. धाकटा दिसेना.

सगळे पळत होते. कोणी शिडी मागच्या अंगाला नेत होतं, कोणी कुऱ्हाड आणत होतं. आणि हा? हा गाडीच्या कुशीला उभा. एक हात पंपाच्या दांड्यावर, डोळे तिथल्या घड्याळासारख्या तबकडीच्या काट्यावर. वर बघतसुद्धा नव्हता. माझ्या पोटचा गोळा वर जळतोय आणि हा काटा बघतोय.

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी खोड. पण त्या दिवशी हातही उचलला. थोबाडीत दिली त्याच्या. त्याची बाही धरून ओढली, ती खांद्यापासून उसवली. आणि ओरडले. अख्खी गल्ली उभी होती, त्याच्या गाडीवरची पोरं होती, बायका गच्चीवर होत्या.

“रात्री ज्याच्या शेजारी निजतोस त्याला जळायला सोडलंस, आणि इथे दांडा धरून उभा राहतोस?”

जे इतकी वर्षं मी मशीनच्या आवाजाखाली दाबलं ते मीच चव्हाट्यावर मांडलं. पळणारे दोघं-तिघं थांबले. खांबाचा हात माझ्या ओढण्याने दांड्यावरून निसटला होता. त्याने दुसरा हात घातला, दांडा परत धरला आणि मला खांद्याने बाजूला सारलं, दार लोटावं तसं. माझ्याकडे पाहिलं नाही. गालावर माझी बोटं उठली होती.

थोड्या वेळाने धाकट्याला मागच्या खिडकीतून शिडीवरून उतरवला. जिवंत. मी त्याच्याबरोबर अँब्युलन्समध्ये चढले. पंपावरचा पंपावरच होता. आग विझली नव्हती ना.

म्हणून माझा राग. म्हटलं, बसलाय रुसून. मारलं त्याचा राग आईवर काढावा, आजारी माणसावर का?

मग काल थोरली डबा घेऊन आली. मी धाकट्याला चमच्याने भात भरवत होते. थोरलीने त्याला विचारलं, जिना पडल्यावर तू वाचलास कसा. तो म्हणाला, पाण्याने. खोलीच्या कोपऱ्यात बसलो आणि पाइपाचं पाणी पंख्यासारखं समोर धरलं, आग त्याच्या पलीकडे राहिली. पाण्याचा जोर एकसारखा हवा, कमी झाला की आग आत येते. म्हणून पंपावरच्याने काही झालं तरी पंप सोडायचा नाही. बाप आत असला तरी नाही. आमच्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

आणि मग त्याने पट्टीतल्या हातांकडे बघत सांगितलं, “एकदा पाणी ढिलं पडलं. तेव्हाच हे भाजलं. वाटलं, संपलं. मग परत जोर आला, आणि मला कळलं की तो आहे तिथेच.”

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. गल्लीने तिला सगळं सांगितलं होतंच. धाकट्याला कोणी सांगितलं नव्हतं. चमचा माझ्या हातात आणि भात त्याच्या उघड्या तोंडासमोर. तो म्हणाला, आई, दे ना. मी दिला. तो चावत राहिला आणि मला त्याच्या पट्ट्यांकडे बघवेना. तोंड धुवायला म्हणून उठले आणि नळाशी उभी राहिले. हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले. ज्या हाताने जावळ विंचरलं त्याच हाताने पोराला भाजलं, आणि दोष घातला दुसऱ्याच्या गळ्यात.

आज सकाळी दुकान न उघडता बंबाच्या ठाण्यावर गेले. चिठ्ठी पाठवता आली असती, थोरलीला धाडता आलं असतं. पण मारलं चारचौघांत, तर मान खाली घालायची तीही चारचौघांतच. पोरं अंगणात पाइप धूत होती. मला पाहून त्यांनी नळ बंद केला. एकाने हळूच गाल झाकून घेतला, दुसऱ्याला हसू आवरेना. माझी हसं करून घेण्याचीच लायकी होती.

खांब गाडीचं पितळ पुसत होता. बाही त्याने स्वतः शिवली होती. निळ्या कापडाला पांढरा दोरा, टाके कुत्र्याच्या दातांसारखे. मी विचारलं, पोरगा दाराकडे डोळे लावून पडलाय, तू आला का नाहीस.

तो पुसतच राहिला. मग म्हणाला, “आलो होतो, काकू. रोज येतो. गेटवर विचारतात, पेशंटचे तुम्ही कोण. मला सांगता येत नाही.”

मागे कोणी हसत नव्हतं आता. ज्या नात्याची मी गल्लीभर शिवी करून टाकली ते हा बापडा गेटवाल्याला कोणत्या तोंडाने सांगणार होता? मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. पण जमीन सिमेंटची होती आणि सगळे बघत होते. मी पिशवीतून निळा दोरा काढला.

“ऐक. तुझा टाका भिकार आहे, आणि तुझं तोंड त्याहून भिकार. पण तुझा हात खरा. तो ओढला मी, आणि पोर भाजलं ते माझ्यामुळे. हे आज त्याला मी सांगणार आहे, तू सांगायचं नाहीस. आता तो सदरा काढ आणि इकडे दे. दुसरा घालून दवाखान्यात जा. गेटवर विचारलं की म्हणायचं, घरचा आहे. नाहीच सोडलं, तर त्यांना म्हणावं, थांबा, म्हातारी मागून येतेय.”