बापूंचा बायोडेटा

माझे बापू करिअर कोचकडे जाताना नारळ, टॉवेल आणि टोपी घेऊन गेले. हे मला कळलं ते त्यांनी मॅडमच्या टेबलावर पिशवी रिकामी केली तेव्हा. आधी कळलं असतं तर घराजवळ पांडेसऱ्यातच रिक्षा थांबवून पिशवी घरी पाठवली असती.

काम आईचं, सरलाबाईंचं. जो नोकरी लावून देतो त्याचा मान करायचा, आणि मान करायचा तर आमच्या मूळच्या खानदेशात टॉवेल-टोपी-नारळ. समोर बाई आहे, ती टोपीचं काय करेल, हा विचार आईच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

मृणाल मॅडम हसल्या नाहीत. तिथेच त्या मला आवडल्या.

"हिलालभाऊ," त्या म्हणाल्या, "हे मला घेता यायचं नाही. मी नोकरी लावून देत नाही. आज तर मी सल्लाही देणार नाही. आज तासभर तुम्ही बोलायचं आणि मी ऐकायचं. पुढे भेटायचं की नाही, ते शेवटी ठरवू."

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्यासाठी पार पर्वत पाटियापर्यंत आणलंस का, असंच ती नजर विचारत होती. खरं सांगते, माझंही डोकं सणकलं. ऐकत बसायला वेळ कुठे होता आमच्याकडे? बापूंची मिल बंद होऊन दोन महिने झाले होते. गल्लीतल्या योगराजकाकांनी एका सोसायटीत वॉचमनची जागा धरून ठेवली होती आणि सोमवारपर्यंत हो की नाही सांगायचं होतं. आज शनिवार. बापू हो म्हणायच्या तयारीत होते.

वॉचमनच्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण दोन महिने बापू घरात भिंतीकडे तोंड करून बसले होते. तिकडे गेले तरी तसेच बसतील, फक्त खुर्ची बदलेल, एवढं मला दिसत होतं. सव्वीस वर्षं कपडा रंगवलेल्या माणसाचं असं होऊ नये म्हणून मीच ही भेट ठरवली होती.

मी बायोडेटा पुढे सरकवला. माझ्याच हातचा, छान चौकट वगैरे आखलेला. पद: हेल्पर. अनुभव: सव्वीस वर्षे. शिक्षण: सातवी.

"हेल्पर म्हणजे रोज काय करायचात, हिलालभाऊ?"

"ते डाइंग खात्यात होते, मॅडम," मी म्हणाले. "मशीनवर."

"आणि सकाळी गेल्या गेल्या पहिलं काम कोणतं?"

"गेल्या गेल्या ते..."

"गायत्री," मॅडमनी ड्रॉवरमधून एक कोरी वही काढून माझ्यापुढे ठेवली, "भाऊ बोलतील ते जसंच्या तसं लिही. तुझा एकही शब्द त्यात नको."

माझ्या नाकावर राग कायमचा बसलेला असतो, तो तिथून उठून कानापर्यंत गेला. रिंगरोडच्या मार्केटमध्ये मी अख्खं ऑफिस सांभाळते आणि इथे मला शुद्धलेखन! पण बाईंच्या आवाजात चढेलपणा नव्हता, त्यामुळे भांडायलाही जागा मिळेना. मी मुकाट्यानं पेन उघडलं.

"मिलमधला असा एक दिवस सांगा, भाऊ, ज्या दिवशी तुम्ही रजेवर असता तर घोटाळा झाला असता."

बापू गप्प. मॅडमही गप्प. खाली चौकात हॉर्न वाजत होते, इथे नुसता पंखा. मला धीर निघेना, तोंडात दहा उत्तरं गोळा झाली होती. मॅडम मात्र ताट येण्याची घाई नसलेल्या पाहुण्यासारख्या निवांत बसून होत्या. गप्प बसणं हीसुद्धा शिकायची विद्या आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

"राणी कलरना लॉट व्हता," बापू शेवटी म्हणाले. "लगीनसराईना माल. मास्तरनी ओके करी दिन्हा. मी मशीन बंद करी दिन्ही."

"डाइंग मास्तरांनी ओके केल्यावर? का?"

"मास्तरनी ट्यूबलाइटखाले देखा. मी खिडकीमा देखा. खिडकीमा तो पिवळा मारे."

मग गाडी सुरू झाली. मास्तर कसा ओरडला, सगळ्या खात्यासमोर काय काय बोलला, शेवटी तुकडा हिसकावून खिडकीशी गेला आणि तोंड न उघडता परत आला. रंग दुरुस्त झाला, सगळे ताके वाचले. बापू हातवारे करून सांगत होते. मी त्यांना एवढं बोलताना कधी पाहिलं नव्हतं आणि लिहिता लिहिता माझी दमछाक होत होती.

"मग कागदावर सही कुणाची?"

"मास्तरनी. डिप्लोमा त्यानाकडे. मी मस्टरवर हेल्पर."

"असं किती वेळा झालं?"

बापूंना प्रश्नच कळला नाही. "रोजनंच काम ते," ते म्हणाले.

माझं पेन थांबलं. सव्वीस वर्षं या माणसानं डबा घरी आणून ठेवला, हात धुतले आणि यातलं अक्षरही सांगितलं नाही. आणि मी तरी कधी विचारलं होतं?

"मॅडम, राग येवाव नही ना?" बापूंनी खिडकीकडे बोट केलं. "तो डावा परदा मागाहून लिन्हा ना?"

मॅडम उठल्या आणि दोन्ही पडद्यांची टोकं उजेडात धरली. मला दोन्ही सारखेच निळे दिसले. त्यांनाही तसेच दिसले असावेत, कारण त्या बराच वेळ बघत राहिल्या. "पहिला इस्त्रीनं जळला होता," त्या म्हणाल्या. "दुकानदारानं शपथ घेतली होती की हा त्याच ताक्यातला आहे."

"दुकानमा ट्यूबलाइट व्हयी," बापू गंभीरपणे म्हणाले.

आता मात्र त्या मनमोकळं हसल्या.

पण उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. मोठ्या मिलमध्ये शेड, म्हणजे रंगाची छटा, कॉम्प्युटरवर जुळवतात, हे त्यांनी सरळ सांगितलं, आणि ते शिकायची तयारी आहे का हेही विचारलं. गुडघे किती वेळ उभं राहू देतात, रात्रपाळी चालेल का, कुठलं काम जिवावर आलं तरी करणार नाही, सगळं खोदून विचारलं. सोमवारचं ऐकल्यावर म्हणाल्या, "ते तुम्हीच ठरवायचं, भाऊ. काम मिळेलच असं वचन मी देणार नाही. पण त्याआधी जुन्या ओळखीच्या तीन जणांना फोन करा. नोकरी मागू नका. एवढंच विचारा, की माझ्याकडे तुम्ही कशासाठी यायचात?"

जिना उतरल्यावर बापूंनी पिशवी माझ्याकडे दिली आणि तिथेच दुकानाच्या पायरीवर बसून पहिला फोन लावला. लखनला. हा लखन बापूंच्या हाताखाली शिकला आणि आता पलसाण्याच्या मिलमध्ये डाइंग मास्तर आहे. रहदारीत ऐकू येईना म्हणून स्पीकर चालू केला.

"बोला, मास्तर!"

"मी कसाना मास्तर रे," बापू म्हणाले आणि शिकवल्याप्रमाणे प्रश्न विचारला.

लखन म्हणाला, "काय ईचारतस हाई? माले खिडकी कोनी दाखाडी? आजबी मना मानसंस्ले मी तेच सांगस. हिलाल मास्तर म्हनेत, ट्यूबलाइटवर भरोसा ठेवू नका."

बापूंनी फोन ठेवला. डोळे पुसले, तेही उघडपणे, भर चौकात. मग उरलेल्या दोन फोनांची वाट न पाहता म्हणाले, "योगराजले लाव."

योगराजकाकांना ते एवढंच म्हणाले, "मी येत नही. ती जागा दुसराले दे, गरजवान बहुत शेतस. माले रंगनंच काम धुंडनं शे." काम अजून हातात नव्हतं. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त बापूंचा अभिमान वाटला.

घरी येऊन मी बायोडेटा उघडला. आधी 'हेल्पर' हा शब्द खोडला. पहिलीपासून कॉलेजपर्यंत माझ्या प्रत्येक फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात हाच शब्द होता, पुढे पुढे तर माझ्याच अक्षरात. आणि प्रत्येक फॉर्मखाली बापूंनी निमूट सही केली होती.

"मास्तर लिहू का?" मी विचारलं.

"आपलाकडे कागद नही. जे काम करं, ते लिख."

मग मी वहीतलं बघून लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. "शेड खिडकीच्या उजेडात तपासून पास किंवा नापास करणे. चुकलेला लॉट मशीनवरच ओळखून थांबवणे. नव्या माणसांना रंग पाहायला शिकवणे. सव्वीस वर्षे."

बापू ऐकत होते. भिंतीकडे पाठ होती त्यांची.

"आखो एकदाव वाच," ते म्हणाले. "जरा जोरबन. तुनी माय चूल्हाजोडे शे, तिले ऐकू गयं नसी."