एक नंबरच्या वळूची आई

मार्लिसने वळूच्या पुठ्ठ्यावरचे केस ब्रशने साफ केले, डिंक फासला आणि एकचा आकडा छापलेली गोल चिठ्ठी तळहाताने दाबून धरली. डिंक धरेपर्यंत हात हलवायचा नसतो. वळू शांत उभा होता. दोन वर्षांचं, काळंभोर, भरल्या अंगाचं जनावर. बघणाऱ्याने आधी पाठ बघावी की मागचे पाय बघावेत, असा प्रश्न पडावा.

"वाकडी लागली," मागून ओर्विल म्हणाला.

"सरळ आहे, बाबा."

"मग मीच वाकडा झालो असेन." तो हसला आणि पुढच्या वळूकडे गेला. सत्त्याहत्तराव्या वर्षीही तो वळवांच्या मधून काठी न घेता फिरत असे.

मार्लिस हसली नाही. तिच्या कोटाच्या आतल्या खिशात गुरुवारी आलेलं पत्र होतं आणि दोन दिवस ते तिला टोचत होतं. क्विस्टांच्या वळवांचा आज बेचाळिसावा लिलाव. पत्र्याच्या शेडमध्ये गॅसचे हीटर पेटले होते, चर्चच्या बायका गोमांसाचे सँडविच बांधत होत्या आणि बाहेर बर्फाळ माळावर ट्रक एकामागून एक लागत होते. डकोटाच्या त्या भागात फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी माणसं क्विस्टांकडे येत, ती काही नुसती वळवांसाठी येत नसत. ओर्विलच्या वहीसाठी येत. कोणतं वासरू कोणत्या गाईचं, कधी झालं, किती पौंडांचं झालं, गाईने त्रास दिला का, सगळं त्या लाल वहीत. त्या वहीवरून कॅटलॉग छापला जाई आणि कॅटलॉग वाचून माणसं आपल्या कळपाची पुढची दहा वर्षं ठरवत. पैदाशीचं जनावर विकणारा खरं तर जनावर विकतच नाही, आपला शब्द विकतो. ओर्विलचा शब्द बावनकशी. एका वर्षी त्याने स्वतःच्याच सगळ्यात देखण्या वळवाबद्दल सांगितलं होतं, याचा डावा खूर दोन वर्षांनी वाकडा वाढेल. कुणाला दिसत नव्हतं. दोन वर्षांनी वाढला.

पत्र प्रयोगशाळेचं होतं. लिलावाआधी वरच्या पाच वळवांचे केस आईबापांची खात्री करायला पाठवायची रीत होती. चौघांचं जुळलं. एक नंबरचा बाप बरोबर होता, आई चुकीची होती. कॅटलॉगात छापलं होतं चारशे सतरा. चारशे सतरा म्हणजे या कळपातली राणी. तिचे मुलगे चार राज्यांत गेले होते आणि आज जमलेल्यांतले निम्मे तिच्या या शेवटच्या मुलासाठी आले होते. पत्र म्हणत होतं की आई ती नव्हे, अठ्ठ्याऐंशी नंबरची कालवड. ती तर त्याच वर्षी विताना मेली होती.

मार्लिसने गुरुवारी त्या वर्षाची वही काढली. अकरा मार्च, बाबांचं अक्षर, दोन ओळी. अठ्ठ्याऐंशी मेली, वासरूही मेलं. चारशे सतरा, नर, ब्याऐंशी पौंड, जिवंत. तिला कळायला वेळ लागला नाही. झालं होतं उलटं. वासरू मेलं होतं चारशे सतराचं, आणि कालवड आपलं जिवंत पिल्लू मागे ठेवून गेली होती. अशा वेळी तिथला कुणीही जे करतो तेच ओर्विलने केलं असणार: मेलेल्या वासराचं कातडं सोलून ते पोरक्या वासराच्या अंगावर दोरीने बांधायचं. गाय हुंगते, आपलाच वास म्हणून पाजते. चार दिवसांनी कातडं काढून टाकलं तरी चालतं, तोवर माया जडलेली असते. आणि अशा लावलेल्या वासराच्या आकड्याभोवती वहीत गोल काढायचा. ओर्विल तो गोल कधी विसरला नव्हता. इथे गोल नव्हता. नुसता विसरला असता तर एक वेळ ठीक. त्याने मेलेलं वासरू मेलेल्या आईच्या नावावर टाकून हिशेब पुरा केला होता.

तिने वही आणि पत्र त्याच्यापुढे ठेवलं होतं.

"प्रयोगशाळावाले चुकले," तो म्हणाला होता. "चारशे सतराचं वासरू मी या हातांनी ओढून काढलं. जिवंत होतं."

"कातडं बांधलं नव्हतं तुम्ही?"

"त्या वर्षी? नाही."

तो खोटं बोलत नव्हता. तेच तर भयंकर होतं. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. मार्लिस त्या स्वच्छ निळ्या डोळ्यांकडे बघत राहिली. गेल्या हिवाळ्यापासूनच्या बारीकसारीक गोष्टी तिने वय झालं म्हणून बाजूला सारल्या होत्या. ट्रकची किल्ली पिठाच्या डब्यात. विकलेल्या घोड्यासाठी टाकलेलं गवत. आता कळलं की ते गेल्या हिवाळ्यापासूनचं नव्हतं, निदान दोन वर्षांचं होतं.

सांगावं तर लागणारच होतं. लिलाव सुरू होण्याआधी मंचावरून जे सांगितलं जातं ते कॅटलॉगातल्या छापील मजकुराच्या वर असतं, हा तिथला नियम. प्रश्न एवढाच होता की चूक कुणाची म्हणून सांगायची. बाबांची म्हटली, तर माणसं घरी जाऊन आपापले कागद उपसतील, म्हातारा कधीपासून चुकतोय म्हणून. आणि मग त्याच्याशी तसं बोलतील, जसं गावातल्या कॉफीच्या टेबलावर विसराळू झालेल्या वेंडेल हासशी बोलतात: मोठ्याने, सावकाश, जणू तो बहिरा आहे. ओर्विलला ते एका दिवसात मारून टाकेल. स्वतःची म्हटली, तर ती चोपन्न वर्षांची होती आणि बाबांनंतर कळप तिलाच चालवायचा होता. जिला वासराची आई धड लिहिता येत नाही, तिच्या दारात कोण येणार? शेण खाल्लं कुणी आणि तोंड कुणाचं बरबटणार, हे तिलाच ठरवायचं होतं. बारा वाजेपर्यंत.

बारा वाजता शेड भरलं. लिलाव पुकारणारा रेक्स मंचावर चढला तसा ओर्विलने त्याचा हात हातात घेतला.

"हँक, घसा कसा आहे तुझा?"

हँक हा रेक्सचा बाप. त्याने पुकारणं सोडून पंधरा वर्षं झाली होती आणि त्याला पुरून चार.

"छान आहे, ओर्विल," रेक्स म्हणाला आणि मार्लिसकडे न बघता कागद सरळ करू लागला.

तेवढ्यात तिचं ठरलं. तिने माइक ओढून घेतला.

"एक नंबरबद्दल सांगायचंय. आई चारशे सतरा छापली आहे, ते चूक आहे. आई अठ्ठ्याऐंशी नंबरची कालवड, ती विताना मेली. वासरू चारशे सतराला लावलं होतं. वहीत खूण करायला मी विसरले. चूक माझी आहे."

शेडमध्ये कॅटलॉगची पानं उलटल्याचा आवाज झाला, मग पेनांचा. माणसं छापील ओळ खोडत होती. शेजारच्या खुर्चीतून ओर्विल सावकाश उठला.

"वही तू लिहिलीस?"

"हो, बाबा."

"कुणी सांगितलं होतं?"

माइक चालूच होता. ओर्विल लोकांकडे वळला. त्याचा आवाज बेचाळीस वर्षं जसा होता तसाच होता.

"या घरात वही मी लिहितो. माझ्या नकळत लिहिली गेली, हा माझा दोष. तुम्हा सगळ्यांची माफी मागतो. इथून पुढे मार्लिस वहीला हात लावणार नाही. माझा शब्द."

लोकांनी माना हलवल्या. दोघेतिघे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. मागच्या बाकावरचा एक तरुण शेजाऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटला आणि दोघे हसले. मार्लिस तिथेच बसून राहिली, कारण उठून गेली असती तर ते बरं दिसलं नसतं. कान तापले होते. बापाने चारचौघांत पाणउतारा करावा हे तिच्या वाट्याला पोरवयातही आलं नव्हतं.

एक नंबर रिंगणात आला तेव्हा बोली वर चढेचना. शेवटी तो पलीकडच्या रँचवरच्या ग्लेन ओडेगार्डने घेतला, इतक्या कमी भावात की रेक्सने हातोडी मारताना दोनदा विचारलं. बाकीचे वळू गेले, पण नेहमीची तीन गिऱ्हाइकं बोली न लावताच कॉफी पिऊन निघून गेली.

चार वाजता मार्लिस ग्लेनचा वळू ट्रकमध्ये चढवत होती. ग्लेनने फाटक लावलं, कडी घातली आणि तो तिथेच रेंगाळला.

"तुझं पित्ताशय काढलं, ते दोन वर्षांपूर्वी ना?" तो म्हणाला. "मार्चमध्ये. आमची बार्ब आली होती बघायला."

मार्लिसच्या हातातली दोरी थांबली.

"तू आठवडाभर रॅपिड सिटीला दवाखान्यात होतीस म्हणून त्या वादळात मदतीला मी आलो होतो इथे. बॅटरी मी धरली होती. कातडं ओर्विलने काढलं. सहा मिनिटं लागली असतील. तसा हात मी दुसऱ्या कुणाचा बघितला नाही."

"मग कॅटलॉग आल्यावर बोलला का नाहीत?"

"म्हटलं, बघू क्विस्ट काय करतात."

वारा सुटला होता. ट्रकमधला वळू फळ्यांवर पाय आपटत होता.

"बोलू नका कुणाला," ती म्हणाली.

"मी कशाला बोलू." ग्लेनने टोपी कानांवर ओढली. "पुढच्या वर्षी मी येईन. बाकीच्यांचं मला सांगता येणार नाही, मार्लिस. उगीच खोटी आशा कशाला लावू."

"कळलं."

तो गेला. तिने रिकामे कप्पे झाडले, हीटर बंद केले, बाकांखालचे चुरगळलेले कॅटलॉग गोळा केले. कितीतरी जणांनी चारशे सतरा खोडून शेजारी अठ्ठ्याऐंशी लिहिलं होतं, आणि एकाने समासात तिचं नाव लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते पान ती जरा वेळ हातात धरून उभी राहिली. मग बाकीच्यांबरोबर पिंपात टाकलं.

घरात आली तर ओर्विल स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. चर्चच्या बायकांनी ठेवून दिलेला ॲपल पाय त्याने दोन बशांमध्ये वाढला होता. समोर त्या वर्षाची लाल वही उघडी होती. त्याचा चेहरा मऊ होता. ती बोलणी खायची तयारी करून त्याच्यासमोर बसली.

"खा आधी," तो म्हणाला. मग खिडकीकडे एकदा बघून त्याने आवाज खाली आणला. "त्या एक नंबरचं. वहीत गोल नाहीये."

"हो, बाबा."

"विसरलीस तू."

"हो."

त्याने टेबलावरून हात पुढे केला आणि तिच्या हातावर ठेवला. सहा मिनिटांत कातडं सोलणारा तो हात खरखरीत आणि ऊबदार होता.

"होतं असं. विणीच्या दिवसांत झोप नसते, डोकं चालत नाही. मनाला लावून घेऊ नकोस. पण परवाचा लिलाव होईपर्यंत बाहेर कुणाच्या कानावर जाता कामा नये. तुझं नाव खराब होईल, आणि पुढे सगळं तुलाच सांभाळायचंय."

मार्लिसने बशी बाजूला सारली.

"तुम्ही मंचावरून सांगणार नाही?"

"नाही." त्याने वही मिटली. "बेचाळीस वर्षं खरं बोललो. एकदा तुझ्यासाठी गप्प बसलो तर काही आभाळ कोसळत नाही."