भिंतीवरची डोकी

वहिनींना दोन गोष्टींचा मनस्वी तिटकारा होता. एक म्हणजे तोंडावर हात न ठेवता खोकणारी माणसं आणि दुसरी नवऱ्याच्या सलूनमधली बाकामागची भिंत. साथ आल्यापासून पहिल्या गोष्टीत सगळं जग त्यांच्या बाजूचं झालं होतं. भिंतीच्या बाबतीत मात्र त्या वर्षानुवर्षं एकट्याच लढत होत्या.

त्याचं असं की सलूनमध्ये एक लांबलचक लाकडी बाक होता. आपला नंबर येईपर्यंत गिऱ्हाइकं त्यावर बसायची, पेपर चाळायची, आणि पेपर संपला की मागच्या भिंतीला डोकं टेकून डुलक्या काढायची. डोकी तेलकट आणि भिंत पांढरी. मग व्हायचं तेच झालं. बाकाच्या वर या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळट, करडे, गोल डाग उमटले होते. वहिनी साबण घेऊन गेल्या, सोडा घेऊन गेल्या, एकदा तर रागाच्या भरात काथ्या घेऊन गेल्या. डाग हटले नाहीत. वहिनी फडकं खांद्यावर टाकून घरी परत यायच्या आणि त्या दिवशी जेवणात हमखास मीठ जास्त पडायचं.

त्यांच्या नवऱ्याला अख्खी गल्ली रेडिओ म्हणायची. कात्री चालू झाली की तोंड चालू, आणि कात्री थांबली तरी तोंड चालूच. गिऱ्हाइकाचं डोकं हातात असल्यामुळे त्याला होला हो म्हणण्यावाचून गत्यंतर नसायचं. वहिनी भिंतीचा विषय काढायच्या तेव्हा रेडिओ म्हणायचा, "अगं, माणसं इथं झोपतात म्हणजे त्यांना इथं बरं वाटतं. दवाखान्यात झोपतं का कुणी?"

"दवाखान्यातच झोपतात," वहिनी म्हणायच्या. यावर रेडिओ हसायचा आणि भिंत तशीच राहायची.

मग साथ आली आणि सलून बंद झालं. सुरुवातीला रेडिओ घरात बोलत होता. भांड्यांशी, खिडकीशी, नळाशीसुद्धा बोलत होता. पुढे त्याचा आवाज कमी कमी होत गेला, आणि बंदी काही उठेना तेव्हा तो पूर्णच गप्प झाला. वहिनींनी आयुष्यभर "जरा गप्प बसाल का" असं म्हटलं होतं. आता तो गप्प बसला, आणि त्याच उगाच काहीबाही विचारून त्याला बोलतं करू लागल्या. अंगावरचे सोन्याचे दोन डाग विकून त्या घर चालवत होत्या, त्याची त्यांना एवढी चिंता नव्हती. चिंता होती या बंद पडलेल्या माणसाची.

गाळ्याचा मालक वाईट नव्हता, पण त्यालाही पोट होतं. तो एकदा दारातूनच म्हणाला, "मीही किती थांबू? एका औषधवाल्याला गोदाम हवंय. महिनाअखेर थकलेलं भाडं द्या, नाहीतर किल्ली द्या." रेडिओनं मान हलवली. भाडं देतो म्हणून हलवली की किल्ली देतो म्हणून, ते वहिनींना कळलं. त्या रात्री त्यांनी लेकीला फोन केला.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिनं शोधून काढलं की नगरपालिकेनं छोट्या धंद्यांसाठी मदत जाहीर केलीय. साथीच्या आधीपासून चालू असलेला आणि साथीमुळे बंद पडलेला धंदा असेल तर थकलेलं भाडं निघेल एवढे पैसे मिळणार होते. अर्ज लेकीनंच भरला. परवान्याचं नूतनीकरण मात्र कचेरी बंद पडल्यामुळे अर्धवट अडकलं होतं, आणि जुना परवानाही तिथंच जमा होता. पण अशांसाठी पालिकेनं सोय ठेवली होती. माणूस येऊन प्रत्यक्ष पाहणी करणार आणि त्याच्या अहवालावर सगळं ठरणार.

"आई, ते येऊन दुकान बघणार आहेत," लेक म्हणाली.

बघणार आहेत! वहिनींना बाकीचं काही ऐकूच आलं नाही. पालिकेचा साहेब येणार आणि त्या भिंतीकडे बघणार! त्यांनी पदर खोचला.

पुढचे काही दिवस त्या सलूनवर तुटून पडल्या. पालिकेच्या माणसांनी जंतुनाशकाचा फवारा मारला नसेल इतक्या कसोशीनं त्यांनी एकेक कोपरा घासला. आरसे चकाकले. फणी, कात्र्या, वस्तरे उकळून नव्या डब्यात बंद झाले. जुने टॉवेल भंगारात गेले. बाहेरची पाटी तर त्यांनी कपड्यांच्या सोड्यानं अशी घासली की मळ गेला आणि मळाबरोबर अक्षरंही गेली. फिरत्या खुर्चीचं कातडं फाटलं होतं, ती त्यांनी शेजारच्या गादीवाल्याकडे दिली. गादीवालाही हातावर हात ठेवून बसला होता. तो म्हणाला, "वहिनी, पैसे नकोत. सलून उघडलं की आमच्या घरातली सगळी डोकी एकदा भादरून द्या." आणि शेवटी, पाहणीच्या आदल्या दिवशी, त्यांनी भिंतीवर रंगाचे दोन हात मारले. पांढरीशुभ्र भिंत बघून त्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांचं युद्ध जिंकल्या होत्या.

रेडिओ दारात उभा राहून भिंतीकडे बघत होता.

साहेब दुपारी येणार होता, तो सकाळीच आला. सरकारी माणूस वेळेआधी येतो तो नेमका अशाच वेळी. रेडिओ खुर्ची आणायला गादीवाल्याकडे गेला होता. वहिनी एकट्याच शेवटचं फडकं मारत होत्या, आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं.

रंग रात्रीतून वाळला होता, आणि वाळलेल्या रंगातून एक पिवळट गोल हळूच वर आला होता. त्याच्या शेजारी दुसरा. पलीकडे तिसरा. साहेबानं उंबरठा ओलांडला आणि त्या झटकन बाकावर चढून भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"बाई, वर का चढलात?" साहेबानं विचारलं. तोंडावर मास्क, हातात मोबाइल, कपाळावर घाम. डोक्यावर टोपी होती, पण टोपीखालून मानेवर उतरलेले केस पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले दिसत होते.

"जाळं काढत होते," वहिनी म्हणाल्या. त्या खोलीत जाळं विणायची कुठल्याही कोळ्याची छाती झाली नसती.

साहेबानं चौफेर नजर फिरवली. "इथं सलून चालू होतं म्हणता?"

"होतं म्हणजे काय, वर्षानुवर्षं होतं!"

"पाटीवर तर काहीच नाही."

"घासली."

"खुर्ची?"

"नवं कातडं घालायला दिलीय. येतेच आहे."

"बरं. दुसरं काही?"

वहिनींनी बाकावरूनच बोट दाखवलं. "त्या डब्यात कात्र्या आहेत बघा."

"कात्री माझ्या घरीही आहे," साहेब म्हणाला आणि नकळत त्याचा हात मानेवरच्या पायऱ्यांकडे गेला.

वहिनींनी मोबाइलमधला फोटो दाखवला. एवढ्या वर्षांतला सलूनचा एकच फोटो, आणि त्यात रेडिओचं तोंड इतकं जवळून आलं होतं की मागं काही उरलंच नव्हतं. साहेब म्हणाला, "हा माणूस झाला. दुकान कुठंय?"

"शेजाऱ्यांना विचारा ना!"

"बाई, शेजारी सगळ्यांचेच हो म्हणतात. परवा एकानं रिकामं गॅरेज बेकरी म्हणून दाखवलं, आणि शेजाऱ्यांनी तिथले पाव किती मऊ असतात तेसुद्धा सांगितलं." त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो फक्त दमलेला होता. "मदत आधीपासून चालू असलेल्या धंद्यांना आहे. इथं मला रंग नवा, टॉवेल नवे, पाटी कोरी दिसतेय. मदत जाहीर झाल्यावर थाटलेलं दुकान असंच दिसतं. मी जे दिसलं तेच लिहिणार."

तेवढ्यात रेडिओ आणि गादीवाला खुर्ची उचलून आत आले. खुर्ची अशी झगमगत होती की नवरदेवानं बसावं. साहेबानं ती बघितली आणि मान हलवली.

"हीसुद्धा नवीच!"

"नवी कुठली, साहेब," गादीवाला धापा टाकत म्हणाला, "आतला सांगाडा माझ्या आजोबांपेक्षा जुना आहे."

"आणि जुनं कातडं?"

"फेकलं. वहिनी म्हणाल्या, घाण घरात ठेवू नकोस."

वहिनींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नवऱ्याच्या धंद्याची एकेक खूण त्यांनी आपल्या हातानं पुसून काढली होती. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण इथं तर मारुतीसुद्धा उरला नव्हता, नुसतं कोरं देऊळ होतं.

रेडिओनं खुर्ची खाली ठेवली. तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाला, "जाऊ दे. मी संध्याकाळी किल्ली देऊन येतो."

कित्येक दिवसांत तो एवढं लांब वाक्य बोलला नव्हता, आणि बोलला ते हे. पाठीला भिंतीचा गारवा लागत होता. आपण काय झाकून उभ्या आहोत, हे त्यांना त्या क्षणी लख्ख समजलं. जगाला कळू नये म्हणून जे त्यांनी जन्मभर घासलं, तेच एवढं त्यांच्या हातून सुटलं होतं.

लाज मोठी होती, नाही असं नाही. पण त्या बाकावरून खाली उतरल्या, बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "साहेब, हे बघा. काल दोन हात मारलेत रंगाचे. तरी वर आलंय मेलं."

साहेब पुढे झाला. एव्हाना डाग चांगलेच ठळक झाले होते. कुठे उंच, कुठे बुटके, बाकाच्या बरोबर वर, ओळीनं. त्यानं एका गोलावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि विचारलं, "हे काय आहे?"

"डोकी," वहिनी म्हणाल्या.

साहेबाला कळेना. मग रेडिओ पुढे आला. त्यानं घसा साफ केला. "हा सगळ्यात वरचा आहे ना, तो मास्तरांचा. उंच माणूस. बसले की झोपले. एकदा झोपेतच हजेरी घ्यायला लागले आणि बाकावरचे दोघं चक्क 'हजर' म्हणाले. हा रुंद डाग आजोबांचा. डोक्यावर केस औषधाला नाही, पण रोज यायचे पेपर वाचायला. येताना टकलाला तेल चोपडून यायचे, म्हणायचे, उगवले तर तुझाच फायदा. आणि हा कोपऱ्यातला या गादीवाल्याचा."

"मी कधी झोपलो?" गादीवाला म्हणाला.

"घोरायचास! मी वस्तरा थांबवायचो, हात हलेल म्हणून."

वहिनी नवऱ्याकडे बघत राहिल्या. रेडिओ लागला होता. मध्ये थोडी खरखर होती, पण लागला होता.

"आणि हा एवढा खाली?" साहेबानं विचारलं. सगळ्या डागांच्या खाली, टोकाला, एक लहानसा गोल होता.

"तो आमच्या लेकीचा. लहानपणी शाळेतून सरळ इथं यायची. ही तिला रोज तेलवेणी करून पाठवायची. इथंच डबा खायची आणि मी काम आटपेपर्यंत भिंतीला टेकून झोपायची."

वहिनींना हे ठाऊक नव्हतं. लेक दुकानात जाते एवढं ठाऊक होतं, झोपते कुठे हे कधी विचारलं नव्हतं. त्या डागावर तर त्यांनी काथ्याही चालवला होता. त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि डोळ्यांना लावलं.

साहेबानं भिंतीचे फोटो घेतले. एकेका डागाचे, मग सगळ्यांचे मिळून. "नवं दुकान एका दिवसात थाटता येतं," तो जणू स्वतःशीच म्हणाला, "पण दोन हात रंगातून वर येईल इतकं तेल एका दिवसात मुरवता येत नाही." मग तो वहिनींकडे वळला. "बाई, एक विनंती आहे. मंजुरी येईपर्यंत तिसरा हात मारू नका."

रेडिओची नजर केव्हाची साहेबाच्या मानेवर होती. त्याला राहवेना. "साहेब, बसा ना खुर्चीत. दोन मिनिटांत त्या पायऱ्या सारख्या करतो."

"नको, नको. अहवाल व्हायचाय अजून." साहेब दारापर्यंत गेला आणि मागं वळला. "आणि हे केस आमच्या मिसेसनी कापलेत. घरी कळलं मी तक्रार केली, तर आहेत तेही राहायचे नाहीत."

मंजुरी आली. मालकाला भाडं मिळालं, औषधवाल्यानं दुसरीकडे गोदाम घेतलं, आणि बंदी उठली त्या दिवशी सलूनसमोर वाढलेल्या केसांची रांग लागली. बाकावर एका वेळी एकालाच बसायला परवानगी होती, बाकीचे बाहेर उभे. आत रेडिओ असा सुटला होता की बाहेर उभ्या असलेल्यांनाही सगळं ऐकू जात होतं. गादीवाल्याच्या घरची सगळी डोकी पहिल्याच दिवशी भादरून झाली. पाटीवर नवी अक्षरं रंगवणारा रंगारी वहिनींना म्हणाला, "त्या भिंतीला ऑइलपेंट मारून देतो. डाग परत म्हणून वर यायचे नाहीत."

"तुम्ही पाटीपुरतं बघा," वहिनी म्हणाल्या.

काही दिवसांनी साहेब आला. या वेळी मोबाइल खिशात, टोपी हातात. रांगेत उभा राहिला, नंबर आल्यावर बाकावर बसला. दिवसभर लोकांची दुकानं तपासून पाय दुखत असतील. रेडिओ मास्तरांचे केस कापताना हजेरीची गोष्ट पुन्हा मास्तरांनाच सांगत होता. ती संपायच्या आत साहेबाची मान मागं कलली आणि डोकं भिंतीला टेकलं.

त्याचे केस झाले, तो पैसे देऊन गेला. वहिनी फडकं घेऊन उठल्या. मास्तर आणि आजोबा यांच्या मधोमध, इतके दिवस रिकाम्या असलेल्या जागी, एक ओलसर गोल उमटला होता. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग खाली वाकून त्यांनी नुसता बाक पुसला.