मागे न सरकणारं वजन

उन्हाळा लागतो त्या दिवशी गल्लीतल्या झाडून सगळ्यांचं वजन करायचं, ही चीनमधल्या शाओशिंग गावाची जुनी रीत. पुढच्या उकाड्यात माणूस वाळू नये म्हणून. कालव्याकाठच्या कापराच्या झाडाला मोठी दांडी टांगली होती. तिच्या एका बाजूला माणूस बसेल एवढी वेताची टोपली, दुसऱ्या बाजूला सरकवायचं लोखंडी वजन, आणि वर वस्ती समितीचा लाल फलक, दांडीपेक्षाही लांब. वजन सरकवायचा मान तांगकाकांचा. ते फक्त पुढे सरकवायचं. मागे घेतलं तर माणूस वर्षभर झिजतो म्हणतात.

सूफेनआजी भर उन्हात जाडा कोट घालून आल्या. लेकीने, रुईछिनने, सकाळीच बजावलं होतं, "बेचाळीस किलोच्या खाली भरलीस तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे शांघायला चलायचं." बाबा गेल्यापासून आई पेज आणि लोणच्यावर दिवस काढते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आजींचा शांघायवर राग नव्हता. फक्त तिथे भांडायला ओळखीचं कोणी नव्हतं.

"वहिनी, आज बर्फ पडणार वाटतं?" तांगकाका म्हणाले.

"तुम्ही वजन बघा. हवामान बघायला सरकार आहे."

आजी टोपलीत बसल्या. काकांनी वजन सढळ हाताने पुढे सरकवलं. दांडी आडवी झाली. "पंचेचाळीस..."

"थांबा," रुईछिन म्हणाली. "आई, कोट काढ."

कोट खाली पडला तो धप्पकन. कोटाचा असा आवाज होत नाही. आतून लोणचं दाबायचा दगड घरंगळत आला, आणि आजींसकट टोपली वर गेली. सगळी गल्ली सभ्यपणे कालव्यातलं पाणी बघू लागली.

"आता घ्या ते वजन मागे," रुईछिन म्हणाली.

"मागे? या झाडाखाली आजवर कुणाचं मागे घेतलेलं नाही, पोरी. तुझ्या आईपासून सुरुवात करू?"

"मग काय करणार?"

"टोपलीत भर घालणार."

काकांनी आपला मटार-हॅमच्या भाताचा डबा आजींच्या मांडीवर ठेवला. शेजारणींनी चहात उकडलेली अंडी आणली, बांबूचे कोंब आणले. एकाने जिवंत बदक आणलं. ते समितीने नामंजूर केलं. हळूहळू टोपली खाली आली.

"पंचेचाळीस किलो!" काका गरजले.

"अहो काका, ही अंडी आहेत, आई नाही!"

"आज अंडी आहेत. आठवड्याभरात आई होतील."

रुईछिनला हसू यायला लागलं, म्हणून तिने आवाज चढवला. "आणि खाणार कोण? एकटी बसली की ही नुसती पेज ढवळते."

"एकटी कशाला? डबा माझा आहे, मी तो सोडणार नाही. रोज संध्याकाळी येऊन बसेन."

"रोज?" टोपलीतून आजी कडाडल्या. "यांना बोलावलंय कुणी? आणि भातात हॅम कुठाय, तांग? शोधायला दिवा लावू का?"

बोलता बोलता त्यांचा तिसरा घास चालला होता. रुईछिनने तो पाहिला.

"शरद लागेल त्या दिवशी पुन्हा वजन," ती म्हणाली. "कोटाशिवाय."

मग तिने तो दगड उचलून आपल्या बॅगेत टाकला. शांघायला काहीतरी घेऊन जाणं भागच होतं.